पाच डागांचं कापड

ही गोष्ट १९५५ सालची. फेब्रुवारी नुकता लागला होता, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ ज्यानं सुरू होतो तो राखेचा बुधवार जवळ येत होता आणि माझं लग्न ठरलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. वसईच्या किनाऱ्याकडचं, पानवेलींचं आणि केळींचं एक गाव, एवढं पुरे. तिथं माझी माणसं अजून राहतात आणि दर रविवारी त्यांना देवळात तोंड दाखवायचं असतं. आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तेव्हा सगळे बोलले ते आमच्या बोलीत. मी ते सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.

सोमवारी सकाळी कार्मेल आत्या अंगणात घंगाळ घेऊन बसली होती. देवळाची कापडं धुवायचा मान तिचा. आई गेल्यापासून आम्हां दोघी बहिणींना तिनंच वाढवलं, आणि देवळाची कापडं जशी धुवायची तसंच वाढवलं: जपून, पण घासून.

त्या दिवशी घंगाळात होतं ते कठड्याचं कापड. तेव्हा कम्युनियन हातात देत नसत. आल्तारापुढच्या, म्हणजे वेदीपुढच्या, लाकडी कठड्याशी गुडघे टेकायचे, कठड्यावर पसरलेलं लांब पांढरं कापड हाताने उचलून हनुवटीखाली धरायचं आणि जीभ बाहेर काढायची. पवित्र भाकरीचा कण पडला तरी जमिनीवर पडू नये, म्हणून ते कापड. आत्या ते आधी नुसत्या पाण्यातून काढी आणि ते पाणी अंगणातल्या खुरसाच्या, म्हणजे क्रुसाच्या, पायथ्याशी ओती. मग साबण.

"सिसू," आत्या म्हणाली, "इकडे ये. आरडाओरडा करू नको."

मी आरडाओरडा करणारी नव्हतेच, पण गेले. कापडाच्या मधोमध पाच डाग होते. चार एका ओळीत, पाचवा जरा बाजूला. ओल्या कापडावर फिकट पिवळे, मेण सांडल्यासारखे दिसत होते. आत्यानं साबणाची वडी त्यावरून पुन्हा फिरवली. डाग तांबडे झाले. माझ्या डोळ्यांदेखत, रक्तासारखे तांबडे.

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"फिलू," मी म्हटलं.

"फिलूच," आत्या म्हणाली. "मेलीला सांगितलं होतं, बोटं बेसनानं घास म्हणून."

आदल्या दिवशी, रविवारी, माझ्या थोरल्या बहिणीचं, फिलोमिनाचं लग्न झालं होतं. कम्युनियनच्या वेळी एका हातात फुलांचा गुच्छ, दुसऱ्या हाताने हे कापड धरलेलं. भीतीनं हाताला घाम. आणि त्या हाताला हळद.

आता हळदीत एवढं काय, असं कोणी विचारील. त्यासाठी फादर तेओदोर सांगायला हवेत.

फादर तेओदोर आमच्याकडे येऊन वर्षच झालं होतं. तरुण, उंच, सायकलवरून फिरणारे, बाराव्या वर्षापासून पाद्र्यांच्या सेमिनरीत वाढलेले आणि नंतर रोममध्ये शिकून आलेले. माणूस चांगला. गावात पटकी आली तेव्हा घरोघर जाऊन आजाऱ्यांची भांडी विसळली होती त्यांनी. पण आल्याआल्या पहिल्याच लग्नाला त्यांनी नवरीला नखशिखांत पिवळी बघितली, आणि पुढच्या रविवारी प्रवचनात सांगितलं की ही जुनी अंधश्रद्धा आता बंद. साक्रामेंत, म्हणजे ती पवित्र भाकर, घ्यायला यायचं ते स्वच्छ अंगानं. आणि शेवटी, आवाज न चढवता: "ज्या घरात हळद लागेल, त्या घरातलं पुढचं लग्न मी लावणार नाही."

पुढचं लग्न. ते हुशार होते. नवरीला शिक्षा केली तर ती सासरी निघून जाते; शिक्षा मागे राहणाऱ्याला करायची.

गावानं मान डोलावली आणि हळद मागच्या खोलीत नेली. वाजंत्री नाही, मांडवात गाणी नाहीत. फिलूच्या हळदीला आम्ही बारा-पंधरा बायका दार लावून बसलो होतो आणि हळदीची गाणी कुजबुजत म्हणत होतो. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर वाटलं असतं, आत कोणाला तरी लुटायचा बेत चालला आहे. मी फिलूला म्हटलं होतं, नको, माझं लग्न मागे आहे. ती रडायलाच लागली. "हळद नाही तर लग्न झालं असं कसं वाटेल मला? आईला लागली होती ना?" आईचं नाव काढल्यावर माझं तोंड बंद.

घरातलं पुढचं लग्न माझं होतं. उपासकाळ लागायच्या आधीच्या रविवारी. लग्नाआधी तीन रविवार देवळात नावं पुकारतात, ती आमची दोनदा पुकारून झाली होती. माझा होणारा नवरा इनास बोटीवर फिटर. उपासकाळात लग्नं लागत नाहीत आणि ईस्टरपर्यंत त्याची बोट आफ्रिकेला पोचलेली असणार. परत यायचा तो दोन वर्षांनी. त्याच्या आईच्या मनात गास गावची एक मुलगी होतीच, नुसती वाट बघत.

तर अशा आम्ही दोघी घंगाळाशी, आणि सायकलची घंटा वाजली.

"कार्मेलबाई, संध्याकाळच्या प्रार्थनेला कापड मिळेल का?" असं म्हणत फादर कुंपणाच्या आत आले आणि थांबले. कापड आत्याच्या दोन्ही हातांत पसरलेलं. लपवायला वेळच नव्हता.

"हे काय आहे?"

आत्या आयुष्यात खोटं बोलली नाही. "तेच बघतोय आम्ही, फादर."

"हे कालचंच कापड?"

"कालचंच."

"काल पांढरं होतं. मी स्वतः बघितलं."

"पांढरंच म्हणायचं."

"मग हे कधी झालं?"

"आत्ता. मी साबण लावला," आत्या म्हणाली आणि थांबली. "साबण, फादर. साबण लावला की नाही, तसं लगेच."

साबण हा शब्द तिनं इतका सावकाश आणि स्वच्छ उच्चारला की कुठल्याही बाईला पुढचं सगळं कळलं असतं. फादरना तो ऐकूच आला नाही. ते डाग मोजत होते. त्यांचे ओठ हलताना मला दिसले. चार एका ओळीत, पाचवा बाजूला.

"दोन हात, दोन पाय," ते म्हणाले, "आणि कूस. प्रभूच्या पाच जखमा."

आणि ते आमच्या अंगणात, कोंबड्यांच्या मधोमध, पांढऱ्या झग्यानिशी गुडघ्यांवर बसले.

मी हसणार होते. खरंच सांगते, हसू नाकापर्यंत आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते परत गेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं त्यांच्या. इटलीतल्या ओर्व्हिएतो गावी असंच एक कापड आहे, ते सांगू लागले; शेकडो वर्षांपूर्वी भाकरीतून रक्त आलं आणि आल्ताराच्या कापडावर सांडलं; एका पाद्रीचा विश्वास डळमळला होता, त्याच्यासाठी. "मी ते कापड बघितलं आहे. त्याच्यासमोर उभं राहून मी मागितलं होतं..." काय मागितलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

"फादर, थोडं पाण्यातून काढते आणि मग..." आत्यानं कापड घंगाळाकडे नेलं.

"नाही!" ते ओरडले. "एक थेंबही नको! हात लावू नका!"

म्हणून साबण कापडातच राहिला, आणि साबण राहिला म्हणून डागही राहिले.

त्यांना खरी शंका आली कशी नाही, असं माझ्या नातीनं एकदा विचारलं. त्याचं उत्तर सोपं आहे. त्यांनी हळद बंद केली होती. त्यामुळे गावात हळद नव्हती.

संध्याकाळपर्यंत कापड देवळात, बाळ येशूच्या मूर्तीच्या काचपेटीत. बाळ येशूला बाहेर ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावांतून बैलगाड्या आल्या. पुरुष रांगेत उभे राहून रडत होते. ज्यांनी दहा वर्षांत कुमसार, म्हणजे पापांची कबुली, केला नव्हता ते कुमसाराला बसत होते. बायका कापडाकडे बघत, मग माझ्याकडे बघत, मग खुरसाची खूण करून पुढे सरकत. सगळ्यांना कळलं होतं. ज्या बाईनं आयुष्यात एकदा कालवण सांडलेला सदरा साबणानं धुतला आहे तिला ते कळणारच. पण एकही बोलली नाही. फिलूच्या हळदीला त्यांतल्या काही हजर होत्या, आणि उरलेल्यांच्या घरी मुली लग्नाच्या होत्या.

शेजारची मोनू काकी तेवढी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कुठल्या दुकानाची गं? रंग काय धरलाय!"

इनास मागच्या बाजूनं, केळीतून, भेटायला आला. लग्नाआधी तसं भेटायचं नसे. पण आम्ही भेटत असू.

"चमत्कार बघितलास?" त्यानं विचारलं.

"बघितला. फिलूच्या बोटांएवढा आहे."

तो केळीच्या बुंध्याला टेकून, तोंडात रुमाल कोंबून हसला. बोटीवर आपले कपडे आपल्यालाच धुवावे लागतात. गावातला तेवढा एकच पुरुष असेल ज्याला एका वाक्यात कळलं. मग हसू ओसरलं. "आणि फादरना कळलं तर?"

"तर तू आफ्रिकेहून येईपर्यंत मी अशीच बिनलग्नाची. नाहीतर गासची."

"गासची तोतरी आहे."

"तुझ्या आईला चालेल. उलट बोलायला वेळ लागेल तिला."

गुरुवारी बातमी आली. फादरनी मुंबईला बिशप हाऊसला कळवलं होतं. रविवारी एक मोन्सिन्योर, बिशपांकडचे मोठे पाद्री, येणार, आणि बरोबर डॉक्टर. कापडाचा तुकडा तपासायला नेणार.

त्या दुपारी आत्याच्या ओटीवर आम्ही पानं लावत बसलो होतो. विड्याची पानं एकावर एक रचून कवळ्या बांधायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळायच्या. हात आपोआप चालतात आणि तोंड मोकळं राहतं. गावाचे सगळे निर्णय आमच्याकडे तसेच होत.

"आपण जाऊन सांगून टाकू," मी म्हटलं. माझा आवाज रडका होता. "डॉक्टर सांगणारच आहे."

"सांग," मोनू काकी म्हणाली. "मग मोन्सिन्योर तुझं लग्न लावील? फादरनी भर देवळात शब्द दिलाय. शब्द फिरवणारा माणूस नाही तो."

"पण खोटं..."

"खोटं कोण बोललं?" आत्यानं पानाचं देठ नखानं खुडलं. "त्यांनी मला विचारलं, मी साबण म्हणाले. दोनदा म्हणाले. हळद आहे का, असं विचारलं तर हो म्हणेन. विचारत नाहीत त्याला मी काय करू?"

"आणि त्या गरीब माणसाचं हसं होईल ते?" मोनू काकीच म्हणाली, आणि तिच्या तोंडून ते ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण ते खरं होतं. माझं लग्न मोडेल हे एक. पण मुंबईचा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणणार, फादर, ही आमटीतली हळद आहे. पटकीच्या वेळी आमची भांडी विसळलेला माणूस.

आत्यानं एक कवळी बांधली, दुसरी घेतली. मग अंगणातल्या दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांकडे बघत म्हणाली:

"कालवणाचा डाग पडला की आपण काय करतो?"

"साबण," मी म्हटलं.

"आणि मग?"

मोनू काकीनं हातातली पानं खाली ठेवली. "ऊन," ती म्हणाली. "अगंबाई. ऊन!"

शुक्रवारी आत्या फादरकडे गेली. मी बरोबर होते. ती म्हणाली, देवळात काळोख, काच चमकते, म्हाताऱ्यांना काही दिसत नाही. पवित्र साक्रामेंताची मिरवणूक काढावी, गावभर, आणि कापडही बरोबर न्यावं. पेटीबाहेर, पसरून, चार टोकांना चार मुली धरतील.

फादरचा चेहरा उजळला. "कार्मेलबाई, तुमची भक्ती..."

"कसली भक्ती, फादर. शनिवारी सकाळी काढू. ऊन चांगलं असतं."

तिनं तेही सांगितलं. लक्षात घ्या, तिनं सगळं सांगितलं.

शनिवारी सकाळी निघालो. पुढे खुरीस, मग आम्ही चौघी कापड धरून, मागे छत्राखाली फादर. त्यांच्या हातांत सोन्याच्या किरणांचं ते पात्र, आणि त्यात, काचेमागे, पांढरी गोल भाकर. माझ्या हातात उजवं पुढचं टोक. कापड आम्ही डोक्याच्या वर, आडवं धरलं होतं. डाग आकाशाकडे, म्हणजे सूर्य सोडून कोणाला दिसत नव्हते. बाजूला आत्या गुलाबदाणी घेऊन चालत होती आणि दर थोड्या वेळानं उंच काठीला बांधलेल्या फुलांच्या गुच्छानं कापडावर गुलाबपाणी शिंपडत होती. गुलाबपाणी थोडंच होतं त्यात. आमच्या परसातल्या लिंबाच्या झाडावर त्या दिवशी एकही लिंबू उरलं नव्हतं.

आमच्या गावात दर वळणाला एक खुरीस आहे. एरवी मिरवणूक त्यांच्यापाशी थांबते, 'आमच्या बापा' ही प्रार्थना एकदा म्हणते आणि पुढे जाते. त्या दिवशी पहिल्याच खुरसापाशी मोनू काकीनं रोझरी, म्हणजे जपमाळ, धरली. अख्खी. मग सगळ्या संतांची नावं. मग मृतांसाठी. पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. दुसऱ्या खुरसापाशी पुन्हा. एवढी भक्ती गावानं कधी पाहिली नव्हती. बॅन्डवाल्यांचे ओठ सुजले.

तिसऱ्या खुरसापाशी काकी माझ्या शेजारी आली, टाचा उंच करून, नमस्कार करायच्या निमित्तानं वर डोकावली आणि हात जोडूनच पुटपुटली, "तांबडं गेलं, पण अजून पिवळं आहे. हळू चला. आता संत आंतोनची तेरा आश्वासनं."

माझे हात भरून आले होते. दंडातून कळ मस्तकात जात होती. तेवढ्यात मी मान वळवून मागे बघितलं.

फादर कापडाकडे बघत नव्हते. मला वाटलं होतं, त्यांची नजर त्याच्यावर खिळलेली असेल. आठवडाभर खिळली होती तशी. पण ते हातांतल्या भाकरीकडे बघत होते. उन्हानं घाम निथळत होता, झग्याला धूळ लागली होती आणि ते तिच्याशी काहीतरी बोलत होते, अगदी हळू, लहान मूल कडेवर घेतलेला बाप बोलतो तसं. मला उगाच लाज वाटली, दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघितल्यासारखी. मी मान पुढे वळवली आणि तेरा आश्वासनं खरोखरीची म्हटली.

देवळात परत आलो तेव्हा दुपार झाली होती. आशीर्वाद झाला. साक्रामेंत आल्तारावर ठेवून फादर वळले आणि आम्ही कापड खाली आणलं.

पांढरं. ताज्या नारळाच्या खोबऱ्यासारखं पांढरं.

कोणीतरी म्हातारा हुंदका देऊन म्हणाला, "परत घेतलं! प्रभूनं परत घेतलं!" आणि पुरुषांची बाजू धडाधडा गुडघ्यांवर आली. बायका पण बसल्या. उभं राहणं बरं दिसलं नसतं.

फादर कापडाजवळ आले. जिथं डाग होते तिथं त्यांनी बोट फिरवलं.

"गेलं," ते म्हणाले.

"जिथनं आलं तिथं गेलं, फादर," आत्या म्हणाली.

त्यांनी कापड उचललं, चुंबन घ्यायला तोंडाशी नेलं आणि थांबले. नाकपुड्या हलल्या. ते वळून आत्याकडे बघत राहिले, मग मोनू काकीकडे, मग माझ्याकडे. मग त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि ते आत गेले. दार लावून घेतलं.

रविवारी मोन्सिन्योर आले. पांढरं कापड बघितलं, डॉक्टरनंही बघितलं. दोघांनी आमच्याकडचं तळलेलं पापलेट खाल्लं आणि पाचच्या गाडीनं गेले. पण त्याआधी, सकाळच्या मिस्सेत, म्हणजे देवळातल्या उपासनेत, मोन्सिन्योरांच्या समोर, फादरनी प्रवचन केलं. फार लहान होतं.

"आठवडाभर तुम्ही सगळे या कापडापुढे रांग लावून उभे होतात," ते म्हणाले. "मीही होतो. आणि त्याच्या शेजारी, दोन हातांवर, पेटीत साक्रामेंत होतं. रोज असतं. तिकडे एकानं वळून बघितलं नाही. मीसुद्धा नाही. मला खूण हवी होती. काल उन्हात चालताना मला कळलं, की जो रोज माझ्या हातात येतो त्याला मी खूण मागत होतो." त्यांनी कठड्याकडे हात केला. "कापड धुऊन परत कठड्यावर घाला. कापड आहे ते."

मला तेव्हा वाटलं, झालं, सुटलो. लिंबाचा वास त्यांना आला असेल. पण वासावरून हळदीपर्यंत पुरुषाचं डोकं जाणार नाही. आत्या मात्र म्हणाली, "त्यांच्या आचाऱ्यानं कालच त्यांचा झगा धुतला. मिरवणुकीनंतर जेवताना कालवण सांडलं होतं त्यावर. मी बघितलं, ते दोरीपाशी त्या डागाकडे बघत उभे होते. बराच वेळ."

त्यानंतर मी हळदीचं नाव काढलं नाही. आत्याला सांगून टाकलं, मला नको, मी कोरडी जाईन आल्तारापाशी. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मागच्या खोलीत बायका जमल्या त्या नुसत्या माझे केस विंचरायला, असं ठरलं होतं. मोनू काकीच्या पदराखाली वाटी होती ती मला दिसली नाही, असं मीही ठरवलं होतं. कुजबुजत गाणं सुरू झालं, काकीनं बोट वाटीत बुडवलं, आणि बाहेर सायकलची घंटा वाजली.

जी काही पळापळ झाली ती विचारू नका. वाटी कुठे लपवावी कळेना. शेवटी आत्यानं ती पाटाखाली सरकवली, पाटावर मला बसवलं आणि पिवळं बोट पाठीमागे धरून काकी माझ्या मागे उभी राहिली.

फादर आत आले नाहीत. अंगणातच, सायकलचं हँडल धरून उभे राहिले. दार उघडं होतं. आम्ही त्यांना दिसत होतो, आणि ते आम्हाला.

"कार्मेलबाई, उद्याची मिस्सा सातला होती ना?"

"हो, फादर." आत्याचा आवाज मी पहिल्यांदाच कापताना ऐकला. मला वाटलं, संपलं. इनास, आफ्रिका, गास.

"नऊला ठेवली आहे."

"नऊला? कम्युनियनसाठी रात्रीपासूनचा उपास, फादर. वऱ्हाडी भुकेनं मरतील. का बरं?"

"सिसिलला सकाळी जरा उन्हात बसता यावं," फादर म्हणाले. "बोटं पसरून."

ते सायकलवर बसले, पाय टेकलेलाच ठेवून वळले.

"आणि गायचं तर मोठ्यानं गा. गेल्या खेपेला कोणीतरी येऊन मला सांगितलं, कार्मेलच्या घरात भुताटकी चालते."

मोनू काकीनं पाटाखालची वाटी ओढून पाचही बोटं बुडवली आणि मागून माझ्या गालाला लावली. सकाळी मी दोन तास खुरसापाशी उन्हात बसले, घामानं निथळत, उपाशी, आणि इनास केळीमागून दात काढत होता.

आता त्या माणसांपैकी फार थोडी उरली आहेत. फिलूला सहा मुलं झाली. ती गेल्या वर्षी गेली, आणि शेवटपर्यंत म्हणत होती की तिनं बोटं घासली होती. मोनू काकी पडून पाय मोडला तरी दहा वर्षं जगली आणि अंथरुणातून गावाची लग्नं जुळवत राहिली. कार्मेल आत्या आल्तारासमोरच गेली, सकाळच्या मिस्सेत, कठड्याचं कापड हनुवटीखाली धरून. सोडवताना बोटं उघडावी लागली. पुढे कठडे गेले, लॅटिन गेलं, कापडंही गेली. इनास आफ्रिकेहून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि एकोणपन्नास वर्षं मला चमत्कार म्हणत राहिला. माझी उन्हात पसरलेली पिवळी बोटं तो कशी दाखवायचा, ती नक्कल मी अजून करून दाखवते. गासच्या मुलीचं चांगलं झालं. तिचा नवरा बहिरा होता.

फादर तेओदोर पुढे बऱ्याच गावी फिरले. त्या कापडाबद्दल मी त्यांच्या तोंडून पुन्हा एक अक्षर ऐकलं नाही. माझ्या नातीच्या लग्नाच्या वेळी ते वृद्ध पाद्रींच्या घरात राहत होते, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. नातीनं हट्ट धरला म्हणून गाडी पाठवून त्यांना हळदीला आणलं. मांडवात वाजंत्री, मोठ्यानं गाणी. ते खुर्चीत बसले होते, पांढऱ्या झग्यात, अंगानं एवढेसे झालेले. पोरींनी नातीला हळदीनं माखलं आणि मग त्यांच्यातली एक धीट पोरगी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली, आणि कोणी अडवायच्या आत तिनं त्यांच्या छातीवर हाताचा पंजा उठवला. चार बोटं एका ओळीत, अंगठा बाजूला.

पोरीची आई धावली. "अगं काय केलंस! फादर, माफ करा, झगा काढून द्या, मी आत्ता साबण लावून..."

फादरनी तिचा हात धरला. आणि गर्दीतून मला शोधून काढत म्हणाले:

"साबण नको, बाई. उगाच पुन्हा मुंबईहून माणसं येतील."